तिन्ही मजल्यांतून एकच दोरी

शिरपूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ती भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धुळ्याजवळच्या एका कॉलेजच्या मुख्य इमारतीचा आतला नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची आठ आठवड्यांची इंटर्नशिप तिला मिळाली आहे. तळमजल्याचं ऑटोकॅड ड्रॉइंग आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याचे मात्र जुने अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशांच्या जुन्या छापील प्रती, आणि तेही मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या रूपात. सगळं एकत्र आणलं तर वरच्या मजल्यांच्या खोल्या खालच्या भिंतींच्या दोन-दोन मीटर बाहेर जातात. सर म्हणतात, ‘ट्रेस करून टाक.’ मजले एकावर एक बसवणारं टूल कोणतं, आणि नुसतं ट्रेस केलं तर चालेल का?

असं टूल नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे प्लगिन शोधण्यात तुझा आणखी एक आठवडा जाणार नाही. मजले एकावर एक बसलेले असतात ते इमारतीत, आणि ते कसे बसलेत हे तिथूनच मोजून आणावं लागतं. मी गेली अठरा वर्षं धुळे-जळगाव पट्ट्यात हे काम करतो. दवाखाने, कॉलेजं, जिनिंग, मार्केटमधले गाळे असं सगळं केलं. तुझ्यासारखी अडचण घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्यांदा एकच विचारतो: इमारतीत किती वेळा फिरलास? बहुतेकांचं उत्तर ‘एकदा’ असतं.

तुझ्या हातातलं ड्रॉइंग नक्की कसलं आहे ते बघ. आपल्याकडे कॉलेजच्या कपाटात जे सापडतं तो बहुधा मंजुरीचा नकाशा असतो. काय बांधायचं ठरलं होतं ते त्यात असतं. बांधताना काय झालं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत काय काय झालं, ते त्यात नसतं. व्हरांडा बंद करून लॅब होते, मोठ्या हॉलमध्ये साडेचार इंची भिंत घालून दोन ऑफिसं होतात, एखादं दार बुजवलं जातं. अमळनेरकडच्या एका इमारतीत मी ड्रॉइंगवरून बाहेर पडायचा रस्ता आखून ठेवला होता. मोजायला गेलो तेव्हा चावीवाले मामा म्हणाले, “भाऊ, हाई दार दोन वरीसफाईन बंद शे.” दाराच्या आत बाकं रचलेली होती. आग लागल्यावर लोकांनी कुठून पळायचं, हे दाखवण्यासाठी तो नकाशा होता. तेव्हापासून ड्रॉइंगवरचं दार मी स्वतः उघडून बघितल्याशिवाय नकाशात घेत नाही.

म्हणून ट्रेस करणं हे काम चुकीचं नाही, पण ती फक्त कच्ची प्रत आहे. ती छापून घे, पॅडवर लाव आणि इमारतीत जा. जे जुळतं त्यावर खूण कर, जे जुळत नाही ते लाल पेनाने काढ. पहिल्या दिवशी एकही माप घेऊ नकोस, नुसतं फिर. मे महिन्यात काम असेल तर सकाळी सात ते दहा हीच वेळ ठेव. आपल्याकडच्या उन्हात दुपारी गच्चीखालच्या मजल्यावर उभं राहवत नाही, आणि बाहेरच्या उजेडात लेझर मीटरचा लाल ठिपकाही दिसत नाही. सुट्टीत खोल्यांना कुलपं असतात, त्यामुळे चावीवाल्या मामांशी आदल्या दिवशीच बोलून ठेव. कोणती खोली कशासाठी वापरतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आता तुझे दोन मीटर. यात मला दोन-तीन चुका एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

पहिली चूक एककाची असू शकते. ऑटोकॅडचं ड्रॉइंग बहुधा मिलिमीटरमध्ये असतं. क्यूजीआयएस ते आकडे मीटर म्हणून वाचतं आणि ४० मीटरची इमारत ४० किलोमीटरची होते. म्हणजे एक टोक धुळ्यात ठेवलं तर दुसरं अमळनेरच्याही पुढे जाईल. शिवाय ड्रॉइंगचा शून्य बिंदू कागदाच्या कोपऱ्यात असतो. तीच फाइल आपल्या यूटीएम पट्ट्यात (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजायची ती पद्धत) तशीच टाकली तर इमारत विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन बसते. हे तुला लगेच दिसलं असेल आणि तू हाताने ओढून जागेवर आणलं असशील. तसं हाताने ओढलं की मजले हलतात.

दुसरी चूक प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायच्या पद्धतीची, आणि ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. नव्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात आधी सॅटेलाइटचा फोटो लावला की प्रोजेक्ट मुकाट्याने वेब मर्केटर या वेबनकाशांच्या प्रोजेक्शनमध्ये जातो. विषुववृत्तापासून वर जावं तसं ते प्रोजेक्शन सगळं ताणत नेतं. आपण २१ अंशांवर आहोत. इथे ३० मीटरचा कॉरिडॉर त्यात ३२ मीटरच्या वर भरतो. ६ बाय ९ मीटरची वर्गखोली ५४ चौरस मीटरची, ती जवळपास ६२ होते. तुझे दोन मीटर इथूनच आले असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. गोंधळात भर म्हणजे क्यूजीआयएसचं मोजपट्टीचं टूल पृथ्वीचा आकार धरून खरं अंतर सांगतं, पण फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये आकृतीचं सपाट क्षेत्रफळ काढणारं फंक्शन वापरलं तर ताणलेला आकडा येतो. एकाच खोलीचे दोन आकडे दिसले की समजायचं, प्रोजेक्शन तपासायची वेळ झाली.

खान्देशासाठी यूटीएमचा ४३ उत्तर हा पट्टा वापर, ईपीएसजी क्रमांक ३२६४३ (क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्शन याच क्रमांकाने निवडतात). हा पट्टा ७२ ते ७८ अंश रेखांशाचा आणि त्याची मधली रेघ ७५ अंशांवर. ती रेघ धुळे आणि जळगाव यांच्या मधून जाते, म्हणजे आपण त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर आहोत. तिथे प्रमाण ०.९९९६ असतं, १०० मीटरमागे ४ सेंटीमीटर कमी. इमारतीच्या कामात एवढं चालतं. पण वहीत लिहून ठेव, कारण उद्या कुणी टोटल स्टेशनचं, म्हणजे सर्व्हेअरच्या मोजणी यंत्राचं, माप घेऊन येईल आणि चार सेंटीमीटर कुठे गेले म्हणून विचारेल.

तिसरी चूक सॅटेलाइटच्या फोटोला टेकून मजले बसवण्याची. वरून दिसतं ते छप्पर आणि छज्जे, तळमजल्याची भिंत नव्हे. उंच इमारत फोटोत एका बाजूला कललेली दिसते, आणि फोटो मुळातच काही मीटर सरकलेला असू शकतो. हे मी एका दवाखान्याच्या कामात भोगलं आहे. तळमजला मोजून बसवला होता. दुसऱ्या मजल्यासाठी वेळ नव्हता, म्हणून गच्चीचे कोपरे फोटोवरून घेतले. मजला १.८ मीटर सरकला. आग विझवायच्या सिलिंडरचे बिंदू बाहेर कॉरिडॉरमध्ये होते, ते नकाशात कुलूपबंद स्टोअरच्या आत पडले. वॉर्डातल्या सिस्टरने तो छापील नकाशा हातात धरून मला विचारलं, “हे आत आहे का?” सगळा मजला मी पुन्हा मोजला.

मग मजले बसवायचे कशावर? जिन्यावर. खोल्या बदलतात, भिंती बदलतात, बाल्कनी बंद होते. जिना जिथल्या तिथे राहतो आणि तो सगळ्या मजल्यांतून जातो. जिन्याच्या दोन फ्लाइटच्या, म्हणजे पायऱ्यांच्या दोन ओळींच्या, मध्ये जी उभी फट असते, ती बघ. अगदी वितीएवढी असली तरी पुरते. गवंड्याकडून ओळंबा आणि लाइनदोरी घे. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आडवी पट्टी बांध आणि त्या फटीतून दोरी तळमजल्यापर्यंत सोड. ओळंबा झुलत राहील. खाली पाण्याची बादली ठेवून तो पाण्यात बुडेल असा सोड, म्हणजे थोड्या वेळात थांबतो. बादलीच्या तळाला किंवा कडेला टेकत नाही ना, तेवढं बघून घे. पंखा बंद, खिडक्या बंद. दोरी स्थिर झाली की प्रत्येक मजल्यावर त्या दोरीपासून जवळच्या दोन काटकोनी भिंतींपर्यंतचं अंतर मोज आणि लिही. ती दोरी म्हणजे तिन्ही मजल्यांवरचा एकच बिंदू. इमारत कितीही वाकडी असो, या बिंदूत खोट नाही.

पण एका दोरीवर थांबू नकोस. एका बिंदूने मजला जागेवर येतो, त्याची दिशा ठरत नाही. अर्ध्या अंशाने मजला फिरला तर ४० मीटरवरच्या टोकाला ३५ सेंटीमीटर फरक पडतो. म्हणून दुसरी दोरी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला हवी. तिकडे दुसरा जिना असेल तर उत्तम. नसेल तर संडासाच्या पाइपांचा डक्ट, किंवा एकावर एक आलेल्या बाल्कन्यांच्या बाहेरून. बाहेर वारा असतो, म्हणून पहाटे कर. कॉलमवर मी विसंबत नाही. वरच्या मजल्यांवर कॉलम अनेकदा बारीक केलेले असतात, आणि कोणती बाजू कायम ठेवली ते प्लास्टरखाली दिसत नाही.

खोल्यांची मापं घेताना एक सवय लावून घे. कॉरिडॉरच्या एका टोकाला शून्य धर आणि टेप तिथून सलग टाक: पहिल्या दाराची कड १.४२, दुसरी कड २.४२, पुढची भिंत ६.१० असं रनिंग माप. खोली अधिक भिंत अधिक खोली असं जोडत गेलीस तर प्रत्येक मापातला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर साठत जातो. बारा खोल्यांनंतर तो पाव मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि शेवटची खोली इमारतीच्या बाहेर निघते. रनिंग मापात प्रत्येक चूक आपल्या जागीच राहते.

खोलीच्या आत लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण घे. कर्ण कुणी घेत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. ६ बाय ९ ची खोली खरी काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण १०.८२ मीटर येतात. समज तुला एक १०.८६ आला आणि दुसरा १०.७८. फक्त ८ सेंटीमीटरचा फरक, पण त्याचा अर्थ खोली जवळपास अर्ध्या अंशाने तिरकी आहे आणि ९ मीटर लांबीत भिंत ७ सेंटीमीटर सरकली आहे. अशा सहा खोल्या ओळीने काटकोनी काढल्यास, तर कॉरिडॉरची भिंत कधीच सरळ जुळणार नाही, आणि चूक कुठे आहे हे तुला स्क्रीनवर सापडणार नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोज. नऊ इंची वीटकाम दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह साधारण २५-२६ सेंटीमीटर भरतं, साडेचार इंची साधारण १४. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांतल्या किंवा वाड्यांतल्या मातीच्या भिंती दोन फुटांच्याही वर असतात, आणि वर जाताना बारीक होतात. तसं काही असेल तर किती उंचीवर माप घेतलं तेही लिही.

एवढं झालं की मग क्यूजीआयएसचं जिओरेफरन्सर उघड. ड्रॉइंग किंवा फोटो मोजलेल्या बिंदूंवर नेऊन बसवायचं ते टूल. ऑटोकॅडच्या ड्रॉइंगसाठी हेल्मर्ट निवड: ते फक्त सरकवतं, फिरवतं आणि सारखं लहानमोठं करतं, कोन बिघडवत नाही. अमोनिया प्रिंटचा कागद आडवा-उभा वेगवेगळा आक्रसतो. त्याचा सपाट स्कॅन मिळाला तर पहिल्या पातळीचं पॉलिनोमियल योग्य. तुझे मात्र मोबाइलचे फोटो आहेत, तिरप्या कोनातून आलेले, त्यांना प्रोजेक्टिव्ह लागेल. त्याला प्रिंटवर दिसणारे आणि तू इमारतीत मोजलेले असे चार बिंदू कमीत कमी लागतात, तू आठ दे आणि चारही कोपऱ्यांत पसरून दे. त्याच यादीतलं थिन प्लेट स्प्लाइन वापरू नकोस. प्रत्येक बिंदू तंतोतंत बसलेला दिसतो आणि चूक शून्याजवळ दाखवली जाते, कारण मधला कागद ते रबरासारखं ओढतं. माझ्याकडे आलेल्या निम्म्या बिघडलेल्या फाइलींचं मूळ तिथेच होतं. जमलं तर त्या प्रिंटा पुन्हा मागून घेऊन झेरॉक्सवाल्याच्या मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घे. तो खर्च कॉलेज देईल.

बाहेरच्या जगाशी इमारत जोडायला उघड्यावरचे दोन-तीन पक्के बिंदू लागतात. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, आत तर त्याचा भरवसाच नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याला (कायमच्या उपग्रह-मोजणी स्थानकांचं जाळं) जोडलेला रोव्हर, म्हणजे हातात न्यायचा अचूक जीपीएस, घेऊन एखादा सर्व्हेअर तासाभरासाठी आला, तर सेंटीमीटरमध्ये बिंदू मिळतात. नाही आला तर अडून बसू नकोस. आतली मापं एकमेकांशी खरी असतील तर अख्खी इमारत नंतर एका झटक्यात जागेवर नेता येते. आतली खोटी असतील तर रोव्हरही काही करू शकत नाही.

डेटा कसा ठेवायचा ते आता ठरव, कारण नंतर बदलणं जड जातं. शेपफाइल हा जुना फाइलप्रकार नको. तिच्यात तक्त्यातल्या कॉलमचं नाव दहा अक्षरांवर तुटतं आणि देवनागरी मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर हमखास चौकटी होऊन उघडतो. एकच जिओपॅकेज (अनेक लेअर, म्हणजे नकाशाचे थर, पोटात ठेवणारी एकच फाइल) कर आणि त्यात इमारत, मजला, खोली, दार, जिना असे वेगळे लेअर ठेव. मजल्याचं नाव आणि क्रम हे दोन वेगळे कॉलम असू देत: तळमजला ०, तळघर उणे १. लोक पोटमाळ्याला काहीही म्हणोत, क्रमाचा आकडा बदलायचा नाही. खोलीला तू दिलेला कायमचा आयडी वेगळा, दारावरच्या पाटीचा नंबर वेगळा, आणि लोक जे म्हणतात ते वेगळं. धुळ्यात गल्ली नंबर चार म्हटलं की रिक्षावाला काही न विचारता नेतो, कागदावर रस्त्याचं नाव काहीही असो. इमारतीतही तसंच. पाटीवर १४, रजिस्टरमध्ये १०७, आणि सगळे म्हणतात ‘जुनी जिमखान्याची खोली’. तिन्ही ठेव. शोधणारा तिसरंच नाव टाकणार आहे.

खोलीची हद्द भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत की भिंतीच्या मध्यापर्यंत, हे एकदाच ठरव आणि सगळीकडे तेच पाळ. कॉलेजला फरशी, रंग आणि बाकांचा हिशोब हवा असणार, तेव्हा आतली बाजू घे. मग दोन खोल्यांमध्ये भिंतीएवढी फट राहील, आणि टोपॉलॉजी चेकर, म्हणजे आकृत्यांमधल्या फटी आणि ओव्हरलॅप शोधणारं टूल, तिला चूक म्हणेल. ती चूक नाही. ओव्हरलॅप मात्र एकही चालणार नाही. आकृत्या काढताना स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या कोपऱ्याला आपोआप चिकटणं) सुरू ठेव आणि अॅडव्हान्स्ड डिजिटायझिंगच्या पॅनेलमध्ये लांबी आणि कोन आकड्यांत टाक. माउसने अंदाजे टिचकी मारायची असती तर इतकं मोजलं कशाला?

दारांना खोल्यांइतकाच मान दे. शिकणारी मुलं खोल्या सुंदर रंगवतात आणि दारं शेवटी उरकतात. पण नकाशाला विचारायचा खरा प्रश्न ‘इथून तिथे कसं जायचं’ हा असतो, आणि त्याचं उत्तर दारात असतं. प्रत्येक दार कोणत्या दोन जागा जोडतं, किती रुंद आहे, उघडं असतं की कुलपात, व्हीलचेअर जाते की उंबरा आडवा येतो, हे लिही. इनडोअर नकाशांचं इंडोअरजीएमएल म्हणून जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात खोली म्हणजे बिंदू आणि दार म्हणजे दोन बिंदूंना जोडणारी रेघ, अशीच मांडणी आहे. जिनाही तसाच: खालच्या मजल्यावर एक आकृती, वरच्यावर एक, आणि त्यांना जोडणारी रेघ. हे नीट केलंस तर गेटपासून दुसऱ्या मजल्यावरच्या परीक्षा विभागापर्यंतचा रस्ता त्या रेघांवरून काढता येतो. परीक्षा विभागावरून आठवलं: प्रश्नपत्रिकांची स्ट्राँगरूम, मुलींची कॉमनरूम, रोखपालाची खोली हे तपशील कुठेही उघड टाकायचे नाहीत. सगळ्यांना खुल्या असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर काय जाणार ते प्राचार्यांकडून लेखी घे.

सरांचं कसं करायचं, हेही तुझ्या प्रश्नात दडलेलं आहे. वाद घालू नकोस. त्यांच्याच तळमजल्याच्या ड्रॉइंगमधली एक खोली निवड, तिची चार मापं आणि दोन कर्ण घे, आणि ड्रॉइंगचे आकडे व तुझे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून त्यांच्यासमोर ठेव. मापं जुळली तर त्या मजल्यापुरतं सर बरोबर आहेत आणि तुझे दिवस वाचले. नाही जुळली तर ते स्वतःच तुझ्याबरोबर टेप धरायला कुणाला तरी पाठवतील. दुसरा माणूस लागतोच. वीस-बावीस खोल्यांचा एक मजला दोघांनी मोजायला मला अजूनही एक पूर्ण दिवस लागतो. तू तीन धर. आठ आठवड्यांपैकी तीन आठवडे मोजण्यात गेले तरी घाबरू नकोस. स्क्रीनवरचं काम त्यानंतर भराभर होतं.

सगळे मजले काढून झाले की थ्रीडी मॅप व्ह्यू उघड, प्रत्येक मजल्याला त्याची उंची दे आणि खोल्या तीन मीटरने उचल. मग इमारतीकडे बाजूने बघ. जिना खालून वरपर्यंत एकाच सरळ खांबासारखा दिसला पाहिजे. कुठे खांदा निघालेला दिसला तर त्या मजल्याच्या दोरीच्या मापांकडे परत जा.

या आठवड्यात एवढंच कर: दोन दोऱ्या सोड, आणि तिन्ही मजल्यांवर प्रत्येक दोरीपासून दोन भिंतींची अंतरं घे. एकूण बारा आकडे होतील. ते मजलावार मांडून मला पाठव, सोबत जिन्याचा एक फोटोही. तुझे दोन मीटर कुठून आले ते आपण त्यावरून शोधू.